'नंतर' आणि 'मुळे'

गोष्ट आणि कथानक यांतला भेद शिकवताना आम्ही फॉर्स्टरचा आधार घेतो. घटनांचा नुसता कालक्रम म्हणजे गोष्ट. त्यात कार्यकारणाचा धागा ओवला की कथानक. तृतीय वर्षाच्या मुलांना हे पाच मिनिटांत उमगते. गेल्या सत्रात मात्र आम्ही फळ्यावर एक मथळा लिहिला, 'लस दिल्यानंतर बाळाचा मृत्यू', आणि विचारले, यात मृत्यूचे कारण सांगितले आहे काय? जवळजवळ सारा वर्ग 'हो' म्हणाला. 'नंतर'ने 'मुळे'चे काम परस्पर उरकले होते!

आपल्याकडे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना बाळाला डोस दिले जातात. नेमक्या याच महिन्यांत अर्भकांचे अचानक होणारे मृत्यूही अधिक संभवतात आणि काही जन्मजात आजार प्रथम डोके वर काढतात. लसीने मेंदूला इजा झाली असे मानल्या गेलेल्या चौदा रुग्णांची ऑस्ट्रेलियात जनुकीय तपासणी झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अकरा जणांत फेफऱ्याशी निगडित असा जनुकदोष आढळला. म्हणजे लसीनंतरच्या तापाने पहिला झटका आला असेलही. आजार मात्र आधीपासून होता.

म्हणून लसीने काहीच होत नाही असे म्हणणेही खोटेच. ताप येतो, टोचल्या जागी गाठ येते, मूल तासन्‌तास रडते. क्वचित तापाचे झटके येतात, आणि दहा लाखांत एखाद्याला जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जीही होऊ शकते. या सगळ्याला आपण सरसकट 'दुष्परिणाम' म्हणतो. 'परिणाम' म्हटले की कारण ठरलेच, चौकशीआधीच निकाल लागला. शासकीय परिभाषेतली 'लसीकरणोत्तर प्रतिकूल घटना' ही संज्ञा 'उत्तर' एवढेच म्हणून थांबते. ती काटेकोर आहे, पण लेकरू गमावलेल्या आईपुढे कोणाच्या तोंडून निघेल ती?

शब्दांच्या या पोकळीत काय घडू शकते ते सामोआत दिसले. पॅसिफिकमधल्या या छोट्या देशात ६ जुलै २०१८ रोजी गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिल्यावर काही मिनिटांतच दोन अर्भके दगावली. येथे 'मुळे' खरे होते, पण लसीमुळे नव्हे. लसीची भुकटी पाण्यात कालवायची, त्याऐवजी मुदत उलटलेले स्नायू शिथिल करणारे औषध वापरले गेले होते. दोन परिचारिकांनी गुन्हा कबूल केला, २०१९ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. पण निकाल लागेपर्यंत वर्ष उलटले, आणि मधले कित्येक महिने लसीकरणच बंद होते. लोकांनी आपले कथानक तोवर रचून टाकले. आधीच कमी असलेले गोवराच्या लसीचे प्रमाण आणखी घसरले. २०१९ च्या अखेरीस गोवराची साथ आली, पाच हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि ८३ जण मेले. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले. आधीची दोन बाळे चुकीने गेली, नंतरची बरीचशी चुकीच्या वाचनाने, असे आम्ही म्हटले तर ते वाङ्मयाच्या मास्तरांचे अतिक्रमण ठरू नये.

दोष एकट्या वाचकाचा नाही. चौकशीचा निष्कर्ष 'योगायोग' असा एका शब्दात कळवणारी यंत्रणाही कथानकाला जागा करून देते. ज्या घरात पाळणा रिकामा झाला तेथे 'योगायोग' हा शब्द थट्टेसारखा वाटतो. आईचे 'सुई दिली आणि त्याच रात्री…' हे वाक्य गोष्ट म्हणून पूर्ण खरे असते. ते आधी ऐकून घ्यावे, कारणाचे मग बोलावे. उलट, उपकेंद्रातल्या नर्सबाई सांगतात, 'ताप येईल, गाठ येईल, घाबरू नका. अर्धा तास इथेच बसा, जास्त वाटलं तर लगेच घेऊन या.' आमच्या मते या विषयावरचे हे सर्वांत नेटके मराठी गद्य आहे, आणि त्यात एकही पारिभाषिक शब्द नाही.

तासाच्या शेवटी आम्ही मुलांना तो मथळा पुन्हा लिहायला सांगितला. बऱ्याच खाडाखोडीनंतर ठरले: 'बाळाचा मृत्यू, आदल्या दिवशी लस दिली होती, कारण तपासले जात आहे'. स्थानिक दैनिकात उमेदवारी करणारा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हे दोन कॉलमांत बसणार नाही."