किनारा झाडण्यापूर्वी मोजा

दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारच्या आगेमागे देशभरातील समुद्रकिनाऱ्यांवर स्वच्छतेचा उत्साह दिसतो. 2022 साली 'स्वच्छ सागर, सुरक्षित सागर' अभियानाने 75 दिवसांत 75 किनारे स्वच्छ करण्याचा संकल्प केला होता. अशा उपक्रमांनंतर किती टन कचरा उचलला, याचे आकडे प्रसिद्ध होतात. हे श्रम स्तुत्यच आहेत. पण तोच किनारा महिन्याभरात पुन्हा तसाच का दिसू लागतो, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

टनांचा आकडा आपण किती राबलो ते सांगतो; कचरा कोणाचा ते सांगत नाही. ओल्या वाळूने भरलेली एक गोणी वजनात सहज भर घालते. याउलट थर्माकोलचे वजन नगण्य, पण चुरा होऊन त्याचे असंख्य कण वाळूत मिसळतात. विडी-सिगारेटच्या थोटकांचेही तेच. तेव्हा वजनापेक्षा नगांची मोजदाद आणि वर्गवारी अधिक महत्त्वाची.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. इस्रायलमधील अभ्यासकांनी 2007 साली मांडलेला 'स्वच्छ किनारा निर्देशांक' शाळकरी मुलांनाही समजेल असा आहे. प्रत्येक चौरस मीटरमागे प्लास्टिकचे किती तुकडे सापडले ते काढून त्याला 20 ने गुणायचे. 100 मीटर लांब व 10 मीटर रुंद पट्ट्यात 300 तुकडे मिळाले, तर निर्देशांक 6 येतो, म्हणजे स्वच्छता मध्यम. निर्देशांक 10 च्या वर गेला तर किनारा अस्वच्छ आणि 20 च्या वर गेला तर अत्यंत अस्वच्छ.

मात्र आपल्याकडे ही मोजणी एकदा करून भागणार नाही. उष्ण कटिबंधातील आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याची सत्ता चालते. डिसेंबर आणि मे महिन्यांत सापडणारे वेफर्सचे वेष्टन, पाण्याची बाटली, प्लास्टिकचा चमचा ही मुख्यतः पर्यटकांची देणगी. जुलैमधील भरतीबरोबर परत येणाऱ्या दुधाच्या पिशव्या आणि जुन्या चपला बहुधा नाल्यांतून गेलेल्या असतात. तुटलेली नायलॉनची जाळी तिसरीच कथा सांगतात. पहिल्या रोगावर दंड व कचरापेटी हा उपाय, दुसऱ्यावर नाल्याच्या मुखाशी अडथळा, तर तिसऱ्यावर बंदरातच जुनी जाळी परत घेण्याची सोय. निदान न करता सर्वांना झाडू हे एकच औषध देणे म्हणजे रोग्याशी प्रतारणा होय.

मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्याचे उदाहरण बोलके आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये ॲड. अफरोज शाह यांनी सुरू केलेल्या श्रमदानाची 2016 साली संयुक्त राष्ट्रांनी दखल घेतली. मार्च 2018 मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. मनुष्यबळ काय करू शकते याचा हा पुरावा. पण मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या नद्या शहराचा कचरा वाहून नेत आहेत, तोवर प्रत्येक पावसाळा त्या श्रमांवर पाणी फिरवणारच.

हा केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न नव्हे. पर्यटन आणि मासेमारी हे कोकणातील असंख्य घरांच्या चुलीचे आधार आहेत. नारळी पौर्णिमेला ज्या दर्याला श्रीफळ अर्पण करायचे, त्याच्याच पोटात प्लास्टिकच्या पिशवीसह निर्माल्य ढकलायचे, ही विसंगती धर्मनिष्ठ समाजाला शोभत नाही.

किनाऱ्यालगतच्या गावातील एका महाविद्यालयाने वा मंडळाने 100 मीटरचा एक पट्टा दत्तक घ्यावा. वर्षातून चार वेळा, एकाच जागी, एकाच पद्धतीने मोजणी करावी आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. प्रशासनाला जाब विचारण्यासाठी घोषणेपेक्षा असा आकडा अधिक उपयोगी पडतो. शिवाय तो फलक वाचताना आपल्यालाही स्वतःचा वाटा कळेल.