पायऱ्यांवरचा निकाल

स्पर्धेतल्या नाटकाचा निकाल परीक्षक यथावकाश लावतात. पण त्याआधीच एक निकाल लागून गेलेला असतो, रंगमंदिराच्या पायऱ्यांवर! पडदा पडल्यापासून रिक्षा मिळेपर्यंतच्या दहा मिनिटांत 'फसलंय', 'नायिका म्हणजे नुसता ठोकळा', 'दुसऱ्या अंकात लेखकाची दमछाक झाली' अशी वाक्यं टाकून आपण मोकळे होतो. हल्ली तर रिक्षा मिळण्याआधीच ती मोबाइलवरून चार गावांत पोहोचलेली असतात. मराठी माणूस नाटकवेडा, तेव्हा तो बोलणारच. बोलण्याबद्दल माझी तक्रार नाही. काय फसलं आणि का फसलं, हे न बघता बोलण्याबद्दल आहे.

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे. एका वर्षी तालुक्याच्या गावातल्या एका हौशी संस्थेच्या तालमी आमच्या घराजवळच्या शाळेत चालत. बँकेतले एक कारकून, दोन शिक्षक, एक औषधविक्रेते, कॉलेजात शिकणारी एक मुलगी. दिवसभराची कामं उरकून रात्री नऊला जमायचं, बाकं भिंतीला लावायची आणि फरशीवर खडूनं घर आखायचं. इथं टेबल, इथं खिडकी, इथं दार. मी महिनाभर कोपऱ्यात बसून ते बघत होतो. टेबलापासून दार तीन पावलांवर होतं. शेवटचं वाक्य बोलत मुलगी निघायची आणि 'येते मी' म्हणेपर्यंत बरोबर दाराशी पोहोचायची.

खरा रंगमंच हाती आला तो थेट प्रयोगाच्या दिवशी. रंगमंच शाळेच्या वर्गापेक्षा कितीतरी रुंद. नेपथ्य त्या मापानं लावलं, तशी टेबलापासून दार सहा पावलांवर गेलं. वाक्य निम्म्या वाटेतच संपलं. मुलगी थबकली. माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, 'विसरली!' तोवर तिनं खुर्चीवर पडलेला टॉवेल उचलला, झटकून दोरीवर टाकला आणि मग ती बाहेर पडली. मला विचाराल तर त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला अभिनय तो टॉवेल होता. पायऱ्यांवर मात्र 'विसरली' एवढंच उरलं. तिच्या घरची मंडळी तिथंच उभी होती. पुढल्या वर्षी ती तालमीला आली नाही. 'हसं करून घ्यायला कशाला जायचं?' असं घरातून झालं म्हणे.

नाटकातली कामं एकमेकांत किती गुंतलेली असतात, हे खुर्चीत बसून कळत नाही. स्पर्धेत दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना वेगवेगळी बक्षिसं असतात, अभिनयाला रौप्यपदकं असतात. पण रंगमंचावर या गोष्टी वेगवेगळ्या थोड्याच राहतात! लाल साडीवर हिरवा प्रकाश पडला की ती काळपट दिसते. आपण नावं ठेवतो वेशभूषेला. टेलिफोनची घंटा दोन क्षण उशिरा वाजली की ओशाळवाणा दिसतो तो फोनकडे बघत उभा राहिलेला नट. घंटा वाजवणारा विंगेत असतो. वेळेवर वाजली, तर तो होता हेही कुणाला कळत नाही. प्रॉम्प्टरचं, सामान मांडणाऱ्याचं, कपड्यांना इस्त्री करणाऱ्याचं काम चोख झालं की अदृश्य होतं. त्याला पदक नाही.

'घाशीराम कोतवाल'चं उदाहरण घ्या. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशननं त्याचा पहिला प्रयोग केला. आपण सहज म्हणतो, 'तेंडुलकरांचं घाशीराम'. ते आहेच. पण संहिता नुसती वाचून पाहा, आणि मग भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्यदिग्दर्शन आणि जब्बार पटेलांचं दिग्दर्शन यांनी तिचं काय केलं ते आठवा. गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांची ती रांग म्हणजेच पडदा! ती फुटते, वळते, पुन्हा भिंत होते. मोहन आगाशे यांचे नाना सगळ्यांच्या लक्षात राहिले, राहायलाच हवेत. पण त्या रांगेतला एक माणूस अर्धं पाऊल चुकला, तर पडद्यालाच भोक पडेल.

यावर माझे एक स्नेही म्हणतात, 'मी तिकिटाचे पैसे मोजले आहेत, कीव करायला आलेलो नाही.' अगदी बरोबर. कीव करूच नये. नटाला तिच्यासारखी नकोशी गोष्ट दुसरी नाही. वाईट नाटकाला वाईटच म्हणावं. आपुलकी म्हणजे वाढीव गुण नव्हेत. उलट माझा अनुभव असा, की पाठीमागचे हात दिसू लागले की माणूस अधिक कडक होतो. व्यावसायिक नाटकात एखादा लाडका नट पदरच्या वाक्यांनी 'ॲडिशन' घेत सुटतो, सभागृह हसतं, टाळ्या पडतात. त्या वेळी मी समोरच्या नटीकडे बघतो. तिचं वाक्य हशात बुडालेलं असतं, प्रवेश पुन्हा वर उचलण्याचा भार तिच्यावर आलेला असतो. अशा नटाला मी पायऱ्यांवर मुळीच माफ करत नाही. त्याच पायऱ्यांवर लोक मला खडूस म्हणतात, तो भाग वेगळा.

तेव्हा दुपारच्या प्रयोगाला आज सहकुटुंब निघणार असाल, तर दहा मिनिटं आधी पोहोचा. तिसऱ्या घंटेच्या सुमारास ध्वनिक्षेपकावरून श्रेयनामावली सांगतात: नेपथ्य अमुक, प्रकाशयोजना तमुक, रंगमंच व्यवस्था, कपडेपट, सूत्रधार. बहुधा त्याच वेळी आपण अंधारात रांग शोधत असतो, नाहीतर वेफर्सची पिशवी फोडत असतो. मुलांना सांगून ठेवा, यातलं एक नाव लक्षात ठेवायचं आणि त्या माणसानं आज काय केलं ते घरी जाताना सांगायचं. आमच्या नातीनं मागच्या खेपेला 'कपडेपट' निवडला होता. नायकाच्या शर्टाचं तिसरं बटण दुसऱ्या अंकात बदललेलं तिनं पाहिलं. आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं.