हजार तासांची फियाट

जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्याला भेटणारा प्रत्येक जण आधी विचारतो, ‘किती लागले?’ आणि आकडा ऐकला की म्हणतो, ‘एवढ्यात तर नवी आली असती.’ आली असती, खरंच आहे. माझ्या आजोबांची १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट सध्या कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये दारं, काचा, सीट सगळं उतरवून उभी आहे. मामा ती पुन्हा उभी करून घेताहेत. तिच्या खर्चात त्यांच्या दारात एखादी छोटी नवी गाडी आरामात आली असती. पण हा पैसा नेमका कुठे जातो हे जवळून पाहायला लागल्यापासून मला वाटतं, विचारायचंच असेल तर ‘कोणाला दिले?’ असं विचारावं.

आधी पत्र्याचं सांगते, कारण पैसा आणि वेळ दोन्ही सगळ्यात जास्त तिथेच जातात. पूर्वीच्या बहुतेक मोटारींना खाली वेगळी चासी असे आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असे. फियाटनं १९५३ मध्ये इटलीत ११०० चं जे नवं रूप आणलं, त्यात वेगळी चासीच नव्हती. तळाचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, छताचे खांब हे सगळं मिळूनच गाडीचा सांगाडा. गाडी हलकी झाली, पण गंज लागला की तो थेट हाडातच लागतो. मडगार्डच्या आत चिखल साचतो, ओल धरून ठेवतो, आणि बाहेरून रंग चकचकीत दिसत असताना आत पत्र्याची चाळण होत जाते.

आमच्या मिस्त्रींनी पहिल्या भेटीत खर्चाचा आकडा सांगायला साफ नकार दिला. ‘ताई, रंग उतरवल्याबिगर मी काय बोलणार न्हाई. आत काय निघंल ते गाडीलाच ठावं.’ मामांना ही टाळाटाळ वाटली. मला तो अनेक वर्षांच्या कामातून आलेला प्रामाणिकपणा वाटला, आणि रंग उतरल्यावर ते पटलंही. एका बाजूला लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, जाड थर निघाले. कधीकाळी कुणीतरी कुजलेला पत्रा न कापता वरूनच लांबी भरून, पाणपेपर मारून रंग दिला होता. असं काम स्वस्तात आणि झटपट होतं, आणि त्याची किंमत पुढचा मालक भरतो.

कुजलेला पत्रा कापायचा म्हणजे नुसता कटर चालवायचा असं नाही. तळ कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे अँगल वेल्ड करून ठेवावे लागतात, नाहीतर सांगाडा बसतो आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. नवा तुकडा पत्र्यातून हातानं ठोकून, आधी पुठ्ठ्यावर माप काढून तयार होतो. तो टाक्यांवर धरायचा, दार लावून फट पाहायची, दार काढायचं, तुकडा पुन्हा घासायचा, पुन्हा दार लावायचं. दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी यावी म्हणून आख्खा दिवस गेलेला मी पाहिला आहे. त्या दिवसाचं बिल वाचणाऱ्याला ‘दार फिटिंग’ एवढंच दिसतं.

बारीकसारीक सगळं उकलून केलेल्या अशा कामाला हजार तास सहज लागतात. दिवसाचे आठ तास धरले तर सव्वाशे दिवस, तेही एकच माणूस दुसरं काहीही न करता रोज याच गाडीवर बसला तर. तसं होत नाही. पत्रेवाला वेगळा, लेथवाला वेगळा, प्लेटिंगवाला, वायरिंगवाला, कुशनवाला वेगळा. प्रत्येकाकडे रोजच्या पोटापाण्याच्या गाड्या रांगेत असतात, आणि त्यांनी त्या आधी करणं रास्तच आहे. त्यात जून ते सप्टेंबर इथला पाऊस. हवेत इतका दमटपणा असताना समजूतदार पेंटर स्प्रेगन हातात घेत नाही. रंगावर धुरकट साय येते आणि उघड्या पत्र्यावर रात्रीतून तांबूस गंज चढतो. सव्वाशे दिवसांचं वर्ष, दीड वर्ष होतं ते असं.

इंजिनाचं काम त्या मानानं सरळ. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. क्रँक ग्राइंड करायचा, बेअरिंग बदलायची, व्हॉल्व्ह बसवायचे, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचे. आधीच्या मालकांनी किंवा मेकॅनिकनी किती वेळा बोअर केलं आहे, एवढंच पाहावं लागतं, कारण दर वेळी ब्लॉकची भिंत थोडी पातळ होते आणि शेवटी लायनर बसवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. उद्यमनगरासारख्या ठिकाणी ही कामं करणारे अजून आहेत. फाउंड्री आणि लेथवर वाढलेला हा भाग. एखादा बुश मिळाला नाही तर ‘नमुना आणा, करून देतो’ म्हणणारा माणूस दोन गल्ल्यांच्या आत सापडतो.

सुट्या भागांच्या बाबतीत फियाट नशीबवान ठरली ती मुंबईच्या टॅक्सीमुळे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डिलाइट तयार होत असे, आणि सत्तरच्या दशकात हीच गाडी थोड्याफार फरकानं प्रीमियर पद्मिनी झाली. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानं ती पुढची कित्येक वर्षं रात्रंदिवस धावत राहिली, म्हणून किंगपिन, ब्रेकचे सिलिंडर, क्लच प्लेट, गॅस्केट अशा रोज झिजणाऱ्या वस्तू बाजारात मिळत राहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. मुंबईकरांनी हळहळ व्यक्त केली, ती योग्यच होती. गॅरेजवाल्यांची काळजी मात्र वेगळी होती: गिऱ्हाईकच नसेल तर हे भाग कोण बनवेल? आत्ता जुना साठा आहे. ज्याच्याकडे ही गाडी आहे त्यानं रबरी आणि झिजणाऱ्या वस्तूंचा एक संच आजच घेऊन ठेवावा.

टॅक्सीला लागत नव्हत्या त्या वस्तूंचा शोध मात्र जीव काढतो. ग्रिलची पट्टी, डिलाइटचंच नाव असलेली अक्षरं, आतल्या दिव्याची काच. मामा त्यासाठी मुंबईत ऑपेरा हाऊसची दुकानं, चोर बाजार, पुण्यात रविवारचा जुना बाजार पालथा घालतात. हँडल आणि बिल्ले मझाकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, त्यांवर बारीक खड्डे पडतात. जुना मुलामा उतरवायचा, खड्डे साफ करायचे, तांबं चढवायचं, पॉलिश करायचं, पुन्हा तांबं, मग निकेल आणि सगळ्यात शेवटी क्रोम. घाईत थेट क्रोम चढवून देणारे बरेच आहेत. दोन पावसाळ्यांत ते पापुद्र्यासारखं सुटतं.

एक नवा खर्च आजोबांच्या काळात नव्हता. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम त्यानं फुगतो, चिरतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. त्यामुळे नळ्या, पंपाचे रबरी भाग, कार्ब्युरेटरची किट हे सगळं इथेनॉलला टिकणारं घालावं लागतं.

कागदपत्रांचा भाग सोपा झाला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, नूतनीकरणाचं ५ हजार, मुदत १० वर्षं, आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अट एवढीच की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. मामा हे करणार नाहीत. आजोबा गडहिंग्लजला डॉक्टर होते, याच गाडीतून खेडोपाडी पेशंट पाहायला जायचे. ती नुसती रॅलीपुरती बाहेर काढणं मामांना सोसवणार नाही. नेहमीच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून, हरित कर भरून ते ती चालवणार आहेत.

मला ते मनापासून पटतं. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा लोक टाचा उंचावून पाहतात. ती गाडी अजून चालते, कारण तिच्याकडे सतत कुणीतरी लक्ष देत आलं आहे. गाडी बंद पडू न देणं हा तिच्यावरचा सगळ्यात कमी खर्च. जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ फिवा यानं २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद हेच सांगते: आधी जतन करा, हात कमीत कमी लावा, मूळ वस्तू शाबूत असेल तर नवी घालू नका. आपल्याकडे उलटं चालतं. धडधाकट गाडीही पूर्ण खरवडून आरशासारखी करायची, सीटना भलतंच लेदर घालायचं, आणि जुनेपणाची प्रत्येक खूण पुसून टाकायची. अशानं पैसे वाढतात आणि गाडीचा इतिहास जातो. आमच्या गाडीचा डॅशबोर्ड, स्टेअरिंग आणि त्याच्या खांबावरचा गिअरचा दांडा यांना हात लावायचा नाही, असं ठरलं आहे. स्टेअरिंगवर आजोबांच्या हातांनी गुळगुळीत झालेली जागा तशीच राहील.

घासाघीस आपण नेमकी चुकीच्या ठिकाणी करतो, याचं मला फार वाईट वाटतं. बंपरच्या किमतीवर कुणी वाद घालत नाही, पण पत्रेवाल्याच्या मजुरीवर आपण हमखास घालतो. खर्चाचा मोठा भाग या माणसांचे तास आहेत, आणि तेच आपल्याला महाग वाटतात. ठोक रक्कम ठरवली की मिस्त्रीला घाई करावी लागते, घाई झाली की पत्रा कापण्याऐवजी लांबी भरली जाते. म्हणून मामांनी आता ठोक करार रद्द करून वही घातली आहे. रोजचे तास त्यात लिहायचे, दर शनिवारी हिशेब चुकता करायचा. महिन्याचं बजेट संपलं की काम थांबतं, पण जेवढं झालं तेवढं पक्कं होतं. अर्धवट उकललेल्या आणि पैसे संपले म्हणून ताडपत्रीखाली पडून राहिलेल्या कितीतरी गाड्या या शेडांमधून दिसतात. त्यांच्या मालकांपैकी बऱ्याच जणांनी सगळं एकदम उकललं होतं.

मिस्त्रींचं वय सत्तरीकडे झुकलेलं आहे. त्यांचा मुलगा या धंद्यात आला नाही. हाताखाली एक आयटीआय झालेला मुलगा आहे, त्याला पत्रा ठोकायला शिकायचं आहे, पण शिकताना हात सावकाश चालतो आणि ठोक कामात त्याला जागाच नसते. वहीची पद्धत सुरू झाल्यापासून डाव्या बाजूची कमान त्यानं स्वतः ठोकली, दोनदा मोडून पुन्हा केली. त्याचेही तास वहीत लिहिले आहेत, आणि मामांनी ते पूर्ण दरानं दिले.