आधी मातीचा रिपोर्ट, मग पावडर!

जास्वंदीची नवी पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की आपण काय करतो? शनिवारी नर्सरी गाठतो आणि पिशवी भरतो. चुना, डोलोमाइट, जिप्सम, एप्सम सॉल्ट... नावंच इतकी भारदस्त की काहीतरी सॉलिड होणारच असं वाटतं! पण रक्त न तपासता कुणी गोळ्यांचा कोर्स सुरू केला, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल ना? मग मातीनंच काय घोडं मारलंय?

पुण्याकडची काळी माती म्हणजे काळ्या कातळाची लेक. तिचा पीएच बहुधा साडेसातच्या वर, त्यात बरेचदा चुनखडी. लोह तिच्यात भरपूर असतं, पण एवढ्या पीएचला ते विरघळत नाही, म्हणून मुळांच्या हाती लागत नाही. फ्रिज फुल्ल, पण कुलूपबंद! पिवळ्या पानांमागचं कारण अनेकदा हेच. अशा मातीत चुना टाकणं म्हणजे कुलपावर दुसरं कुलूप. चुलीतली राखही त्याच गोत्रातली.

रत्नागिरीच्या आजोळी मात्र चित्र उलटं. धो धो पावसानं तिथल्या जांभ्या मातीतलं कॅल्शियम वाहून जातं आणि ती आम्लधर्मी होते. तिथं तोच चुना औषध ठरतो. रॉक फॉस्फेटचंही तसंच. आम्ल मातीत ते हळूहळू विरघळतं, चुनखडीच्या मातीत नुसतं पडून राहतं. आणि पीएचचा एक आकडा म्हणजे आम्लतेत थेट 10 पट फरक, त्यामुळे 'थोडंसं टाकून बघू' हा फंडा इथं चालत नाही.

झटपट अंदाज हवाय? चमचाभर सुक्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली, तर चुनखडी आहे. खरा रिपोर्ट हवा असेल, तर बागेत पाच-सहा ठिकाणी 15 ते 20 सेंटीमीटर खोल खड्डे घ्या, प्रत्येकाच्या कडेची माती खरवडून एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या. नुकतंच खत घातलेली जागा टाळा. कुंड्यांची माती वेगळी द्या, अंगणाची वेगळी. केंद्र सरकारनं 2015 मध्ये आणलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासतात. आपल्याला निदान पीएच, क्षार, सेंद्रिय कर्ब आणि लोह कळलं तरी पुष्कळ.

रिपोर्टमध्ये पीएच चढा आणि मिळणारं लोह कमी निघालं, तर कंपोस्ट आणि चिलेटेड लोह पुरतं. चुन्याची गोणी दुकानातच राहू द्या. कारण नको असलेली जीन्स एक्स्चेंज करता येते, मातीत मिसळलेला चुना नाही!