भिंतीच्या दरजा

मागच्या अंकात गळक्या छपराविषयी लिहिले तेव्हा काही भगिनींनी विचारले, छप्पर झाले, पण भिंतीचे काय? विटांमधला चुना भुसभुशीत होऊन झाडूबरोबर निघतो, विटांचे पापुद्रे सुटतात, दरवर्षी सिमेंटचा हात मारावा आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. हा प्रश्न आमच्याही घरचा आहे, म्हणून त्याचे उत्तर पुस्तकातून द्यावे लागत नाही.

गवंडी लोक दोन विटांमधल्या सांध्याला दरज म्हणतात. उर्दूच्या तासाला हा शब्द आम्ही मुद्दाम फळ्यावर लिहितो. मूळ फारसी, अर्थ शिवण किंवा फट. त्यावरूनच कपडे शिवणारा दर्जी. भिंतीचा गिलावाही तिकडचाच. फारसीत गिल म्हणजे माती. शिवण उसवली तर आपण कापड फेकत नाही, दोरा काढून नवा घालतो. भिंतीचेही तसेच करता येते, फक्त दोरा कोणता घालायचा ते कळले पाहिजे.

आमचे मिरजेचे घर दादाजाननी बांधलेले. पक्क्या विटा, मधे चुना. मागच्या भिंतीला अम्मींची खोली आहे आणि त्याच भिंतीचा पुढचा भाग भाईजानांच्या वाट्याला आला आहे. काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने या भिंतीच्या सगळ्या दरजा वरवर खरवडून सिमेंटने बुजवल्या. दोन वर्षे भिंत छान दिसली. मग विटा खिरू लागल्या. आज सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे उभ्या आहेत आणि त्यांच्यामधल्या विटा बोटभर आत गेल्या आहेत. यंदा दुसऱ्या एकाला दाखवली, तर तो म्हणाला, भिंत पाडा. त्याने सांगितलेली रक्कम ऐकून भाईजान म्हणाले, "एवढ्यात तर धाकटीच्या कॉलेजची तीन वर्षे निघतील." आणि पाडायची तर त्या काळात अम्मींनी राहायचे कोठे, याला कोणाकडे उत्तर नव्हते.

असे का झाले ते समजून घ्या, मग पुढचे सोपे आहे. जमिनीतले पाणी विटांतून वर चढते आणि जिथून सहज निघेल तिथून बाहेर पडते. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, म्हणून पाणी आणि त्याबरोबरचे क्षार तिच्यातून निघतात. लोणा लागतो तो दरजेला, झिजते ती दरज. सिमेंट घट्ट असते, ते ओल अडवते. मग पाणी विटेच्या तोंडातून निघते, क्षारांचे खडे विटेच्या आतच फुलतात आणि तिचा पापुद्रा उडवतात. झिजलेली दरज पुन्हा भरता येते, पण झिजलेली वीट भरता येत नाही.

सिमेंट वाईट म्हणून हे सांगत नाही. नव्या, सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतीला सिमेंटच लागते. पण आपल्याकडे पोरबंदरला सिमेंटचा कारखाना १९१४ साली निघाला, त्याआधी मोठमोठी बांधकामे चुन्यावरच उभी राहिली. सहलीला मुलांना विजापूरला नेतो तेव्हा गोल घुमटाखाली उभे करून सांगतो, डोक्यावर आहे तो विटांचा आणि चुन्याचा घुमट. साडेतीनशे वर्षांहून जास्त झाली.

आपल्या भिंतीत काय आहे ते ओळखण्यासाठी किल्लीच्या टोकाने दरज खरवडा. सिमेंट असेल तर ओरखडाही कष्टाने उठतो. पांढरट भुकटी निघाली तर चुना. निघालेला खडा वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवा. विरघळून गाळ झाला तर ती मातीची जुडाई.

काम सुरू करण्याआधी पाणी कोठून येते ते पाहा. पन्हाळीची तुटलेली नळी, मोरीची फट, भिंतीला टेकून रचलेली माती. आमच्या गल्लीत तर रस्त्यावर काँक्रीटचे थर चढत चढत जोते निम्मे बुडाले आहे. आधी भिंतीलगत वीतभर चर खणून पाण्याला उतार दिला. हे न करता दरजा भरणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे.

आता हात घालू. डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर रुमाल. छन्नी दरजेपेक्षा अरुंद घ्या आणि हलक्या हातोडीने जुना चुना काढा, साधारण पाऊण ते एक इंच खोल. वरवर खरवडून भरलेला चुना टिकत नाही. ग्राइंडर वापरू नका, कितीही मोह झाला तरी. त्याचे पाते विटेच्या कडा कापून जाते. एका वेळी हातभर भागच उघडा. भुकटी ब्रशने झाडा, मग पाणी मारा. पांढरा लोणा मात्र कोरडाच झाडून बाहेर फेका. धुतला की तो परत विटेत शिरतो.

खराब वीट काढायची असेल तर चारही बाजूंचा चुना आधी पोखरा, मग विटेच्या मधोमध छन्नी मारून ती तुकड्यातुकड्यांनी काढा. कडेने पहार घालून उचकटली तर शेजारची हलते. एक बसवल्याशिवाय दुसरी काढू नये, आणि लगतची तर त्या दिवशी अजिबात नाही. बऱ्याच विटांचे पुढचे तोंडच गेलेले असते. अशी वीट अखंड निघाली तर उलटी फिरवून बसवा. नवी हवी असेल तर जुनी मापून न्या. आजची वीट जुन्या मापाशी जुळेलच असे नाही. पाडलेल्या वाड्याच्या विटा मिळाल्या तर उत्तम. वीट बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवायची, नाहीतर ती चुन्यातले पाणी शोषून घेते. खाली आणि बाजूंना चुना लावून ती आत सरकवायची, आणि वरची फट चुना ठासून, कौलाच्या चिपा मारून घट्ट करायची.

माल आम्ही चुना, सुरखी आणि वाळू समसमान घेतला. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. तिच्यामुळे चुना ओलीतही घट्ट होतो. कळीचा चुना घरी विझवणार असाल तर पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. ते पाणी उकळते, उडाले तर डोळा जातो. मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नये. हे जमणार नसेल तर पिशवीतला विझवलेला चुना आणून रात्रभर भिजत घाला. पानाला लावतात तोच हा चुना, असे अम्मींनी शेजारणींना सांगितले आणि दोघी जणी वाटी घेऊन आल्या!

दरज विटेच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा, विटेच्या तोंडावर माल फासू नका. नंतर आठवडाभर ओले गोणपाट लावून ठेवा. चुना सावकाश, हवेतला कार्बन डायॉक्साइड घेत घट्ट होतो. त्याला महिने लागतात. उन्हाळ्यात हे काम काढू नये, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे. आतून ऑइल पेंट नको, चुन्याची सफेदी करा.

मात्र भिंतीला पोट आले असेल, ओळंबा धरल्यावर दोरी आणि भिंत यांतले अंतर जागोजागी बदलत असेल, पायऱ्यांसारखी तड गेली असेल किंवा खिडकीवरचे लाकूड कुजले असेल, तर छन्नी खाली ठेवा आणि आधी इंजिनियरला बोलवा. ते पैसे वाचवू नयेत. आम्हीही आधी बोलावले होते. त्यांनी पाहून सांगितले की भिंत उभी राहील, फक्त सिमेंट काढा.

सिमेंट काढायलाच वेळ लागतो. रविवार आणि शाळेची सुटी धरून अम्मींच्या खोलीची बाजू कमरेपर्यंत झाली आहे. सत्तावीस विटा बदलल्या, अकरा उलट्या फिरवल्या. भाईजानांच्या बाजूला अजून हात लावलेला नाही. काल भाभींनी त्यांच्या न्हाणीची नळी बदलून घेतली आणि विचारले, चुना किती भिजवायचा?