घर दिले, ताट ओढले

मुंबईच्या राणीच्या बागेत काचेआडच्या गारव्यात पेंग्विन पाहिलेल्या माणसाला दक्षिण आफ्रिकेतल्या सायमन्स टाउनचे दृश्य पटकन खरे वाटणार नाही. केप टाउनजवळच्या या गावात उन्हाने तापलेल्या खडकांवर, घरांच्या परसातल्या झुडपांखाली, कधी तर उभ्या गाड्यांच्या सावलीत पेंग्विन बसलेले असतात. १९८२ मध्ये इथल्या बोल्डर्स किनाऱ्यावर दोन जोड्यांनी बिऱ्हाड थाटले. आज हजाराच्या आसपास जोड्या आहेत. त्यांचे गाढवासारखे रेकणे आणि विष्ठेचा दर्प यांवरून रहिवासी कुरकुरले. पण पुढे कुंपणे आली, लाकडी पायवाटा आल्या, गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहा असे सांगणारे फलक लागले आणि जगभरचे पर्यटक तिकीट काढून येऊ लागले. माणूस आणि वन्यजीव शेजारी नांदू शकतात, याचा दाखला म्हणून या गावाकडे बोट दाखवले जाते. दाखला खोटा नाही, पण तो किनाऱ्यापुरता आहे. पेंग्विनच्या जगण्यामरण्याचा निकाल लागतो तो पाण्यात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आफ्रिकन पेंग्विनची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. पेंग्विनच्या कोणत्याही जातीवर ही वेळ पहिल्यांदाच आली. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया मिळून आता दहा हजारांहूनही कमी जोड्या वीण घालतात. शंभर वर्षांपूर्वी हे पक्षी लाखांनी होते. आधी माणसाने बेटांवरचे ग्वानोचे, म्हणजे साचलेल्या विष्ठेचे, थर खतासाठी खरवडून नेले. याच थरांत पेंग्विन बिळे करत. ते गेल्यावर अंडी उघड्यावर आली. मग अंडीही गोळा करून विकली गेली, ती थेट १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत. तरी माणसाच्या सदिच्छेत खोट होती असे म्हणता येत नाही. २००० साली ‘ट्रेझर’ हे जहाज बुडून तेल पसरले, तेव्हा तेलाने माखलेले सुमारे १९ हजार पक्षी स्वयंसेवकांनी एकेक करून धुतले आणि जवळपास तितकेच स्वच्छ पक्षी उचलून शेकडो किलोमीटर दूर नेऊन सोडले. आणि त्यानंतर काय झाले? २००४ ते २०११ या काळात डासेन आणि रॉबेन या दोन बेटांवरचे बहुतेक सगळे पेंग्विन, अंदाजे ६० हजारांवर पक्षी, उपासमारीने गेले. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसे टाकतो. त्या तीनएक आठवड्यांत त्याला पाण्यात उतरता येत नाही, आधी साठवलेल्या चरबीवर काढावे लागते. चरबी साठवायला समुद्रात मासळीच नव्हती.

ही मासळी म्हणजे आपल्या तारलीची भाऊबंद सार्डिन आणि मांदेलीच्या कुळातला अँचोवी. तिच्यावरच तिथल्या पर्ससीन बोटी चालतात. हा शब्द कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. सार्डिन डब्यांत जाते, अँचोवीची बहुतांशी भुकटी आणि तेल होते. घरट्यात पिल्ले असली की पेंग्विनला लांब जाता येत नाही, जवळपास मिळेल त्यावरच पिल्लांचे आणि स्वतःचे भागवावे लागते. बोटीला ती अडचण नाही. जो सरकू शकतो त्याने सरकावे, इतकाच माझा मुद्दा आहे. वसाहतींभोवतीचे पाणी मासेमारीला बंद ठेवण्यामागचा न्याय तोच. २०२३ मध्ये सरकारने बंद क्षेत्रे दहा वर्षांसाठी ठरवली, पण पेंग्विन जिथे खरोखर चरतात तो भाग त्यांत पुरेसा आलाच नाही, अशी पक्षीसंस्थांची तक्रार होती. शेत मोकळे ठेवून बांधाला कुंपण घालण्यातला हा प्रकार. या संस्था न्यायालयात गेल्या आणि १८ मार्च २०२५ रोजी सहा वसाहतींभोवतीच्या सुधारित बंदीवर तडजोडीचा आदेश निघाला.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे तो शास्त्रज्ञांचाच. सरकारने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्ये म्हटले की अशा बंदीने पेंग्विनची घट मंदावेल, पण थोडीशीच. मग त्यासाठी मच्छीमारांनी का सोसावे? कारण बाकीची कारणे कुणाच्या हुकमात नाहीत. समुद्राचे तापमान आदेशाने उतरत नाही. बोटीची हद्द मात्र ठरवता येते. दुसरा आक्षेप असा की मासळी हवामानामुळेच पूर्वेकडे सरकली, बोटींचा काय दोष? सरकली हे खरे. पण कारखाने पश्चिम किनाऱ्यावरच राहिले आणि उरलेल्या थोड्या मासळीमागे बोटी तिथेच लागल्या. हवामान आणि जाळे यांचे खाते इथे वेगळे मांडता येत नाही. रोजगाराचा प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. पर्यटनातून पैसा येतो हे त्यावरचे ठरलेले उत्तर आहे, ते मला पुरेसे वाटत नाही. वाटाड्याची नोकरी खलाशाच्या घरची चूल पेटवत नाही. पण २००४ नंतर बहुतेक वर्षे सार्डिनचा साठा त्याच्या शिखराच्या पाव हिश्श्यावरच होता. साठा इतका आटल्यावर खलाशाचा रोजगार तरी कशावर टिकणार? मार्चच्या तडजोडीवर मासेमारी उद्योगाचीही संमती आहे, हे लक्षात घ्यावे.

तरीही सहा ठिकाणचे पाणी राखून भागणार नाही. पश्चिम किनाऱ्यावर साठा घटेल त्या वर्षी तिथला सार्डिनचा कोटाही त्याच हिशेबाने खाली यायला हवा. सध्याची बंदी २०३३ पर्यंत आहे. घट याच वेगाने चालू राहिली तर निसर्गात हा पक्षी २०३५ च्या सुमारास नावापुरताच उरेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.