दोष पानथरीचा?

आग्र्यातला फुलर नावाचा इंग्रज वकील एका रविवारी सकाळी कुटुंबासह चर्चला निघाला. गाडी दारात आली, पण मोतद्दार जागेवर नव्हता. बोलावणे गेल्यावर तो आला. साहेबाने त्याच्या डोक्यातोंडावर थपडा मारल्या, केस धरून ओढले, खाली पाडले आणि साहेब प्रार्थनेला निघून गेला. मोतद्दार कसाबसा उठला, शेजारच्या आवारात गेला आणि तिथेच मेला. त्याचे नाव कटवारू. शवविच्छेदनात निघाले की त्याची पानथरी आधीच वाढलेली होती आणि ती फुटली. मॅजिस्ट्रेटने फुलरला केवळ दुखापत केल्याबद्दल तीस रुपये दंड केला! १८७६ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी या निकालावर जाहीर नापसंती नोंदवली, तेव्हा इथले गोरे लिटन यांच्यावरच तुटून पडले. (याच लिटन यांनी १८७८ साली देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदा केला, हेही आम्ही विसरलेलो नाही.)

कटवारू एकटा नव्हता. पंखा ओढणारा, घरगडी, मळ्यातला मजूर साहेबाच्या मारहाणीत मेला की बचाव ठरलेला असे : मार किरकोळ होता, पानथरीच नाजूक होती. वास्तविक १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९९ च्या पहिल्याच स्पष्टीकरणात म्हटले होते की, आधीच आजारी असलेल्या माणसाला इजा करून त्याचा मृत्यू लवकर ओढवणाऱ्याने तो मृत्यू घडवला असेच मानावे. हेतू काय होता, हा प्रश्न वेगळा. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० मध्येही हे तत्त्व कायम आहे. कायदा होता, तो कोणासाठी वापरायचा हे ठरवणारे दुसरे होते.

हे जुने प्रकरण आम्ही आज उकरून काढले त्याला कारण आहे. ज्या मुलखात मलेरिया घर करून असतो, तिथे वाढलेल्या पानथरीमागे बहुतेक वेळा हाच आजार असतो. आणि मलेरिया म्हणजे थंडी, ताप, घाम एवढेच आपण धरून चाललो आहोत. तो पोटातही शिरतो, हे आपल्या माणसांना कोणी सांगितलेलेच नाही.

पानथरी, म्हणजे प्लीहा, ही रक्ताची चाळणी आहे. मलेरियाच्या जंतूने बाधलेल्या तांबड्या पेशी ती अडवते आणि या कामात सुजते. नव्याने लागण झालेल्या माणसात ती थोड्या दिवसांत भराभर वाढते, तिचे पातळ आवरण ताणले जाते आणि एखाद्या धक्क्याने, जोरदार उलटीने, कधी काहीही न होता फाटते. व्हायवॅक्स जातीच्या मलेरियाला ‘साधा मलेरिया’ म्हणण्याची पद्धत आहे, पण पानथरी फुटण्याचा हा प्रकार त्यातही होतो. फाल्सिपेरमची तऱ्हा आणखी निराळी. त्यात बाधलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटून बसतात आणि अवयवांचा रक्तपुरवठा तुंबतो. आतड्याला ती झळ लागली की जुलाब, उलट्या आणि असह्य कळा. खडे नसताना पित्ताशय सुजते, क्वचित स्वादुपिंड सुजते. पोट असे दुखते की डॉक्टरलाही अपेंडिक्स वाटावे. रक्त न तपासता पोट चिरले तर नको ती शस्त्रक्रिया होते. उलट, रक्तात मलेरिया सापडला म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलेल्या माणसाची पोटदुखी ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडली तर तो रात्रीतून आतल्या आत रक्तस्राव होऊन जातो.

हे प्रकार क्वचित घडतात, हे खरे. पण क्वचित घडणाऱ्या गोष्टीने मरायचे कोणी, हे मात्र ठरलेले दिसते. पानथरी फुटली हे कळायला सोनोग्राफी लागते, माणूस वाचवायला रक्त लागते, वेळेला शल्यचिकित्सक लागतो. गडचिरोली हा वर्षानुवर्षे राज्यातला सर्वाधिक मलेरियाग्रस्त जिल्हा. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून दूर. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आम्ही किती पावसाळे छापल्या असतील! इकडे शहरात, अर्धवट इमारतीच्या साचलेल्या पाण्याशेजारी झोपणारा मजूर तापातच पाट्या उचलतो, परातीवरून घसरतो आणि त्याचे पोट फुगू लागते. ठेकेदार म्हणतो, तो आधीच आजारी होता. आग्र्याचा बचाव आजही चालू आहे.

औषध नाही, अशी सबब आता कोणाला सांगता येणार नाही. भारतासह चार देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तीव्र मलेरियात क्विनाइन दिलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, तर आर्टेसुनेटचे इंजेक्शन दिलेल्यांपैकी १५ टक्के. आशाताई दारात बोट टोचून मलेरिया ओळखते, हीही मोठी कमाई आहे. प्रश्न त्यापुढच्या रस्त्याचा आहे.

आमच्या वाचकांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे. ताप आणि पोटदुखी एकत्र असेल तर रक्ताची तपासणी आधी मागा. मलेरियाच्या रोग्याला डाव्या बरगडीखाली दुखू लागले, ती कळ डाव्या खांद्यात गेली, चेहरा पांढरा पडला, चक्कर आली, नाडी धावू लागली, तर पोट चोळू नका, सकाळची वाट पाहू नका. मोठ्या रुग्णालयात न्या आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा, याला मलेरिया आहे आणि पोटात दुखते आहे. प्रत्येक पानथरी कापावी लागते असेही नाही. रक्तदाब सावरलेला असेल तर नजरेखाली ठेवून ती वाचवता येते, आणि वाचवलेली बरी, कारण ती गेली की पुढच्या रोगांशी लढण्याची ताकद कमी होते.

शासन २०३० पर्यंत मलेरिया हद्दपार करण्याची भाषा बोलते. रोग्यांचे आकडे उतरले की फलक लागतील. आमची मागणी लहान आहे. मलेरियाने दगावलेल्या प्रत्येक माणसाच्या चौकशीच्या कागदात एक रकाना वाढवा : पोटात दुखते असे त्याने कोणाला सांगितले होते, केव्हा सांगितले होते, आणि त्यानंतर गाडी किती तासांनी आली.